रेनकोटात शिवलेली अँटेना

हौशी रेडिओचा परवाना मिळून काही वर्षे झाली, तरी चालता चालता बोलणे मला कधी नीट जमले नव्हते. पाच वॉटची हँडी, म्हणजे हातात धरायचा बिनतारी संच, कमरेला अडकवायची, मायक्रोफोन खांद्यावर लावायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून डोंगर चढायचा, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात मात्र दर दहा मिनिटांनी हँडी काढून डोक्यावर धरल्याशिवाय रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल घेऊन पुन्हा जोरात प्रसारित करणारे केंद्र, माझी दखल घेत नसे. कमरेवरच्या आखूड रबरी अँटेनाच्या एका अंगाला माझे शरीर असते, आणि हे शरीर म्हणजे रेडिओलहरींच्या दृष्टीने खारट पाण्याने भरलेली गोणीच. तेव्हा अँटेनाच कपड्यात शिवून टाकावी, असे मी ठरवले. हे काम एका सुट्टीत उरकेल असे वाटले होते. त्याला साडेचार महिने लागले.

कल्पना काही माझी नव्हे. 1949 साली अमेरिकेत व्हिक्टर होफ्लिख यांनी दोन व्हॅक्यूम ट्यूब आणि एक वेटोळी अँटेना बसवलेली रेडिओची टोपी विकायला आणली होती. त्या टोपीचे छायाचित्र मी बरीच वर्षे जपून ठेवले आहे. ट्यूब कपाळाच्या वर शिंगांसारख्या उभ्या आहेत आणि घालणाऱ्याच्या चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही. ती टोपी फक्त ऐकण्यापुरती होती. मला बोलायचेही होते, आणि तिथेच सगळी गुंतागुंत सुरू होते.

आकडेमोड सोपी आहे. माझ्या बोलण्याच्या 145 मेगाहर्ट्झ वारंवारतेला तरंगलांबी सुमारे 2 मीटर 7 सेंटीमीटर भरते, त्यामुळे अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली, दोन सारख्या भागांची अँटेना), टोकांवरच्या परिणामासाठी थोडा आखूड केल्यावर, 98 सेंटीमीटरच्या आसपास येतो, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना 49-49 सेंटीमीटर. माझा हात खांद्यापासून मनगटापर्यंत याहून थोडाच लांब आहे, हे लक्षात येताच मी एका जुन्या जाकिटाच्या दोन्ही बाह्यांवर तांब्याची चिकटपट्टी लावली. रिपीटरची अँटेना उभी असते आणि तिच्याशी बोलणारी अँटेनाही उभीच हवी, आडवी धरली तर सिग्नलचा मोठा भाग वाया जातो, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. त्या दुपारी बुजगावण्यासारखे हात पसरून उभे राहिल्यावर मला जे ऐकू आले, ते रबरी अँटेनापेक्षा वाईट होते. कोपर वाकवला की सगळे बदले. शिवाय तिसऱ्यांदा जाकीट घातले तेव्हा कोपराच्या घडीवर पट्टीला तडा गेलेला होता.

मग जाकीट सोडून गुडघ्यापर्यंत येणारा जुना रेनकोट घेतला. त्याच्या पाठीवर मानेपासून खाली 98 सेंटीमीटरचा उभा डायपोल सहज मावत होता. वाहक म्हणून प्रथम पोलादी धागा आणला, कारण तो शिवणयंत्रातून जातो असे वाचले होते. 49 सेंटीमीटर धाग्याला मल्टिमीटर लावला तर रोध 16 ओहम दिसला. डायपोलचा स्वतःचा किरणोत्सर्जन-रोध, म्हणजे लहरी बाहेर टाकण्याच्या कामी येणारा रोध, 73 ओहमच्या घरात असतो, आणि प्रवाह टोकांकडे कमी होत जातो हे धरूनही शक्तीचा सुमारे सहावा हिस्सा तरी नुसता धागा तापवण्यात गेला असता. शिवाय हे साध्या एकदिश प्रवाहाचे माप. 145 मेगाहर्ट्झला प्रवाह धातूच्या अगदी वरच्या थरातूनच वाहतो, तांब्यात हा थर जेमतेम साडेपाच मायक्रोमीटर जाडीचा असतो, त्यामुळे प्रत्यक्ष रोध आणखी वाढतो. धागा बाजूला ठेवला आणि तांबे व निकेलचा मुलामा दिलेले पॉलिस्टर कापड घेतले. ते झकास निघाले. कात्रीने कापता येते, घडी घातली तरी तुटत नाही आणि रोध नगण्य.

अडचण आली ती केबल जोडताना. डाखणीचे (सोल्डरिंगचे) तापलेले टोक कापडाला लावले आणि पॉलिस्टर लोण्यासारखे वितळले. पट्टीच्या बरोबर मध्यावर बोटाएवढे भोक पडले. दुसऱ्या पट्टीवरही तेच झाले, तेव्हा मी ताईकडे गेलो. ती कपडे शिवते. तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “अरे, याला टिचबटण ठोक की. तार बटणाला आधीच डाखून घे, मग बटण कापडात बसव. आणि हे बघ, पट्टी कापून आखूड करू नकोस, टोक दुमड आणि टाचणी लाव. कापड कापलं की परत वाढत नाही.” या दोन सूचना मला कोणत्याही रेडिओच्या पुस्तकात सापडल्या नव्हत्या. पितळी टिचबटणाच्या मागच्या अर्ध्या भागावर केबलचा आतला धागा डाखला, दुसऱ्यावर बाहेरची जाळी डाखली, आणि दोन्ही बटणे दोन पट्ट्यांमध्ये ठोकून बसवली. बटणाचे दात कापडात घट्ट रुततात, त्यामुळे जोडणी पक्की होते, आणि ओढ बसली तर कापड फाटण्याआधी बटण सुटते.

रेनकोट हँगरला लावून दिव्याच्या खुंटीवर टांगला आणि हातात मावणाऱ्या नॅनोव्हीएनए या अँटेना तपासण्याच्या उपकरणाने मोजला. 145 मेगाहर्ट्झच्या जवळ सुंदर दरी दिसली, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारे गुणोत्तर, 1 म्हणजे सर्वोत्तम) 1.3. तोच रेनकोट अंगात घातला आणि दरी सरकत सरकत 124 मेगाहर्ट्झवर गेली. शरीरातल्या पाण्यामुळे अँटेना विद्युतदृष्ट्या लांब होते, हे मला अपेक्षित होते. ताईने सांगितल्याप्रमाणे टोके दुमडत गेलो; प्रत्येक बाजू 42 सेंटीमीटर झाली तेव्हा अंगावरच्या रेनकोटाचा एसडब्ल्यूआर 145 ला 1.2 आला. आलेख इतका रुंद आणि सपाट होता की वारंवारतेच्या पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही 1.5 च्या वर जात नव्हता. मी खूश झालो, आणि माझी चूक नेमकी इथेच झाली. इतका रुंद आलेख पाहून मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी रिपीटर उघडलाच नाही. रेनकोट घालून चारही दिशांना वळलो, पाच वॉट लावले, तरी शांतता. खिशातली रबरी अँटेना लावून हँडी तोंडासमोर धरली, तर लगेच प्रतिसाद आला.

डमी लोड नावाचे जे उपकरण आपण चाचणीसाठी वापरतो, त्याचा एसडब्ल्यूआर 1.0 असतो आणि ते काहीही प्रसारित करत नाही. मी स्वतःच त्या रेनकोटाचा डमी लोड झालो होतो. परत येणारी शक्ती कमी दिसत होती, कारण ती पाठीतच जिरत होती. एसडब्ल्यूआर चांगला आला म्हणजे शक्ती रेडिओकडे परतत नाही एवढेच कळते, ती कुठे गेली हे कळत नाही. हे वाक्य मी नवशिक्यांना अनेकदा ऐकवले आहे, त्यामुळे त्या संध्याकाळी मित्राला फोन करताना जरा ओशाळल्यासारखे झाले.

पुढची पायरी होती बाहेर जाणारा सिग्नल मोजण्याची. मित्राने आपल्या खोलीत एक स्वस्त एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा) रिसीव्हर संगणकाला जोडला आणि त्याचा आपोआप कमीजास्त होणारा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, स्थिर केला. तो आपोआप बदलत राहिला असता तर सगळी मापे एकसारखीच आली असती. मी काहीशे मीटरवरच्या मोकळ्या मैदानात एका दगडावर उभा राहिलो, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेली माझी ओळख) सांगून एक वॉटवर दहा सेकंद बटण दाबायचे, मग अष्टमांश वळायचे आणि पुन्हा दाबायचे, असे आठ दिशांना. तोंडासमोर धरलेली रबरी अँटेना म्हणजे शून्य डेसिबल (सिग्नलची ताकद तुलनेने सांगण्याचे माप) मानले. कमरेला लावलेली हँडी सरासरीने 9 डेसिबल खाली गेली. माझा शिवलेला, मोजलेला, जुळवलेला रेनकोट 7 डेसिबल खाली. म्हणजे त्यातून पाच वॉट सोडले तर रबरी अँटेनातल्या एका वॉटएवढे पोचणार. साडेतीन महिन्यांच्या शिवणकामाने कमाई झाली ती दोन डेसिबलची.

त्यातही दिशेचा फरक मोठा होता. मित्राकडे पाठ असताना आकडा बरा येई, तोंड वळवले की सिग्नल कोसळे, कारण मध्ये मी स्वतः उभा. लपवलेला ट्रान्समीटर शोधण्याच्या खेळात हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, हाच गुण उपयोगात आणतात; हँडी छातीशी धरून स्वतःभोवती फिरतात, आणि सिग्नल सर्वांत क्षीण झाला की ट्रान्समीटर पाठीमागे आहे असे समजतात. मला मात्र चालताना वळण घेतले तरी बोलायचे होते.

पाठ आणि कापड यांच्यामध्ये तीन सेंटीमीटर जाडीचा स्पंज घातला, तर सिग्नल लगेच वाढला. मग स्पंज आणखी जाड का नको, असे करता करता मी कुबड्यासारखा दिसू लागलो, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की डोंगरावर माझ्या पाठीवर एक कुबड असतेच. पाठपिशवीचा बाहेरचा पृष्ठभाग माझ्या पाठीपासून 18 सेंटीमीटर दूर असतो.

अंतिम रचना अशी झाली. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला ताईने वरपासून खालपर्यंत एक अरुंद नेफा शिवून दिला, आणि नाडीसारखी त्यातून 49 सेंटीमीटर लवचीक तार ओवली. हा डायपोलचा खालचा अर्धा भाग. वरचा अर्धा भाग पिशवीच्या वर उभा राहतो. त्यासाठी मी मोजपट्टीची पोलादी फीत कापून घेतली, खालच्या टोकाचा रंग पॉलिश कागदाने खरवडून तिथे तार डाखली, आणि वरचे धारदार कोपरे गोल करून त्यावर रबरी टोपण बसवले, कारण ते टोक मागून येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला येते. ही फीत फांदीला अडकली तर वाकते आणि टणकन पुन्हा सरळ होते. पितळी कांडी लावून पाहिली होती, ती पहिल्याच झुडपात कायमची वाकली.

मधल्या काळात दोन क्षुल्लक गोष्टींनी प्रत्येकी एक आठवडा खाल्ला. पहिली म्हणजे मी आणलेली बारीक केबल. तिचे कनेक्टर हँडीच्या अँटेनाला लागणारे, आट्यांचे एसएमए दिसत होते, आटे व्यवस्थित बसत होते, पण ते उलट्या ध्रुवतेचे, वायफायच्या अँटेनाला लागणारे निघाले, आणि मधला संपर्क जुळतच नव्हता. हँडी गरम झाली तेव्हा कनेक्टर डोळ्यांजवळ धरून पाहण्याची बुद्धी सुचली. दुसरी म्हणजे केबलची बाहेरची जाळी. ती स्वतःच अँटेनाचा भाग बनली होती आणि हँडीला हात लावला की आकडे नाचत. टिचबटणांपासून जवळच केबलवर पाच फेराइटचे मणी (जाळीवरचा असा प्रवाह अडवणारे) ओवले आणि नाच थांबला.

सुरक्षिततेचा विचार मी उशिरा केला, हे कबूल करतो. रेडिओलहरींपासून संरक्षणाच्या सूचना देणाऱ्या आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सामान्य माणसाच्या डोक्यात व धडात कोणत्याही 10 ग्रॅम ऊतीत, सहा मिनिटांच्या सरासरीने, किलोग्रॅममागे 2 वॉटपेक्षा अधिक शक्ती जिरता कामा नये. हे घरी मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही, त्यामुळे मोजता येतात अशा दोनच गोष्टींवर भर दिला: अंतर आणि वॉट. एफएममध्ये बटण दाबले आहे तोवर पूर्ण शक्ती सतत बाहेर पडते, म्हणून नेहमीचे बोलणे एका वॉटवर आणि थोडक्यात. अंगाला चिकटलेल्या रेनकोटात पाच वॉट सोडण्याचा प्रयोग मी आज केला नसता.

पुन्हा मैदानात उभे राहून आठही दिशांना मोजले तेव्हा पिशवी रबरी अँटेनापेक्षा सरासरी 4 डेसिबल वर होती आणि तिची सर्वांत वाईट दिशाही कमरेवरच्या हँडीच्या सरासरीहून बरी होती. एक पथ्य पाळावे लागते. पाण्याची पोलादी बाटली पाठीच्या बाजूला ठेवायची आणि कपडे बाहेरच्या बाजूला. उलटे भरले की नेफ्यातल्या तारेशेजारी धातू येतो आणि अँटेना बेसूर होते. पहिल्याच चढणीवर हात खिशात ठेवून रिपीटरवर बोललो. पलीकडून उत्तर आले की सिग्नल स्वच्छ आहे, पण धापा फार ऐकू येतात.

रेनकोट मी टाकून दिला नाही. टाचण्या काढल्या, दुमडलेली टोके पुन्हा 49 सेंटीमीटरपर्यंत उलगडली आणि तो हँगरसकट खिडकीत टांगला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून 145.800 मेगाहर्ट्झला काही प्रसारित होणार असेल तेव्हा मी त्याच्या टिचबटणांना रिसीव्हर जोडतो. आत माणूस नसताना तो उत्तम चालतो.