सगळ्यात फास्ट लायब्ररी कुठली?

लोअर परळच्या आमच्या ऑफिसात नवीन लागलेली मुलं टपरीवर चहा घेताना हमखास विचारतात, "दादा, पार्सिंगला सगळ्यात फास्ट लायब्ररी कुठली?" पार्सिंग म्हणजे फाइलमधला मजकूर वाचून प्रोग्रामला वापरता येईल असा डेटा करणं, आणि लायब्ररी म्हणजे त्यासाठीचा आयता कोड. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो. नावच हवं असेल तर पायथनमध्ये जेसनसाठी (नाव-मूल्याच्या जोड्यांत लिहिलेला डेटा) ओआरजेसन, सीएसव्हीसाठी (स्वल्पविरामांनी तोडलेला तक्ता) पोलर्स. दोन्हींचा गाभा रस्ट या वेगवान भाषेतला, आणि पोलर्स तर मशीनचे सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) कामाला लावते. पण मी उलट विचारतो: फास्ट, पण कुठल्या फाइलवर?

सिमडीजेसन ही जेसन वाचणारी आणखी एक लायब्ररी घ्या. प्रोसेसरच्या व्हेक्टर सूचना (एका फटक्यात अनेक बाइट हाताळणाऱ्या) वापरून एकाच कोअरवर सेकंदाला जीबीच्या हिशोबात जेसन वाचता येतं, हे लँगडेल आणि लेमायर यांनी २०१९ मध्ये दाखवलं. आकडा खरा आहे. पण पायथनमधून तिच्याकडून अख्खी फाइल डिक्शनरीत (पायथनची नाव-मूल्याची यादी) उतरवून घेतलीत, तर बराचसा वेळ पायथनचे ऑब्जेक्ट बनवण्यातच जातो. तिथे तिचा इलाज चालत नाही. मोठ्या फाइलमधली दोनच फील्ड हवी असतील, तर मात्र ती खरोखर सुसाट सुटते.

मोजण्यातही गंमत असते. एका स्क्रिप्टमध्ये आधी एक लायब्ररी चालवायची, मग दुसरी. पहिलीला फाइल डिस्कवरून वाचावी लागते, दुसरीला ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातून) आयती मिळते. जिंकली दुसरी! क्रम उलटा करून बघा, निकालही उलटू शकतो. नेटवर ग्राफ टाकणाऱ्यांपैकी कितीजण एवढी तसदी घेतात, देव जाणे.

आमच्याकडच्या डेटाची तऱ्हा वेगळीच. मुंबईचा एसटीडी कोड ०२२. पांडाज या तक्ते वाचणाऱ्या पायथन लायब्ररीला कॉलमचा टाइप (आकडा की मजकूर) सांगितला नाहीत तर ती त्याचा आकडा करून २२ करते. ०३/०४/२०२४ ही आपली ३ एप्रिल; तारीख म्हणून वाचायला सांगितलीत तर तिच्या लेखी ४ मार्च. 'डे-फर्स्ट', म्हणजे दिवस आधी, हे सांगावंच लागतं. टाइप आधीच सांगितले की हे घोळ टळतात, शिवाय अंदाज बांधण्याचा वेळही वाचतो. लायब्ररी बदलण्याआधी मी हेच करायला लावतो.

मराठी नावं-पत्ते असतील तर आणखी एक. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. पायथनची स्वतःची जेसन लायब्ररी लिहिताना मुळातच त्याचा बॅकस्लॅश-यू वाला कोड करते, म्हणजे ६ बाइट. मजकूर दुप्पट फुगतो आणि पुढे वाचणाऱ्यालाही तेवढं जास्त चावावं लागतं. लिहिताना 'एन्शुअर-आस्की' हा पर्याय बंद करा, झालं. इंग्रजी नमुन्यांवरच्या बेंचमार्कमध्ये (वेगाच्या चाचण्यांत) हे दिसणारच नाही.

ओआरजेसनवर जायचं ठरलंच, तर लिहिताना ती स्ट्रिंग (मजकूर) नाही, कच्चे बाइट्स परत देते हे लक्षात असू द्या. आणि फाइलमध्ये कुणी 'नॅन' (आकडा नाही, अशी खूण) लिहून ठेवलं असेल, तर पायथनची स्वतःची जेसन लायब्ररी ते निमूट गिळते. ही सरळ एरर फेकते. मला तेच जास्त आवडतं.