कॅप्स लॉक देवनागरीला, सुपर आयथ्रीला

सोमवार

टायलिंग विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या एकमेकींवर न ठेवता पडद्यावर शेजारी शेजारी मांडणारा प्रोग्रॅम, म्हटलं की चर्चा रंगते ती खिडक्यांमधल्या फटींवर, रंगांवर आणि पट्टीतल्या चिन्हांवर. मराठीत रोज लिहिणाऱ्यासाठी हे सगळं नंतरचं. आधी कळांची वाटणी. आयथ्री हा लिनक्सवरचा असाच एक मॅनेजर. त्यात खिडकी उघडणं, सरकवणं, बंद करणं सगळं कीबोर्डवरून होतं, आणि देवनागरीही त्याच कीबोर्डवरून उमटवायची असते. वाटणी चुकली की दोन्ही कामं अडतात.

पहिल्यांदा सुरू होताना आयथ्री विचारतं, मॉड कळ, म्हणजे जिच्या जोडीने सगळे शॉर्टकट चालतात ती, कोणती: सुपर, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली, की ऑल्ट? सुपरच घ्यावी. ऑल्ट घेतली तर ऑल्ट-डी दाबून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत जाता येत नाही, तिथे प्रोग्रॅम शोधून चालवायचा डीमेन्यू उघडतो. टर्मिनलमध्ये ऑल्ट-एफने एक शब्द पुढे जायचं, तर खिडकी पूर्ण पडदाभर होते. आयथ्रीने धरलेली कळ खालच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. सुपरला लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम हात लावत नाहीत.

मंगळवार

आता लेआउट, म्हणजे कोणत्या कळेवर कोणतं अक्षर. सेटएक्सकेबीमॅप या कमांडला लेआउट म्हणून 'यूएस,आयएन' असे दोन द्यायचे, इंग्रजी आधी. व्हेरियंटमध्ये, म्हणजे लेआउटच्या उपप्रकारात, सुरुवातीला नुसता स्वल्पविराम आणि मग 'मार-कागापा', कारण पहिल्या लेआउटला व्हेरियंट नाही. तो स्वल्पविराम द्यायचा राहिला तर कागापा इंग्रजीला जोडायचा प्रयत्न होतो आणि कीबोर्डचं वर्णन लोड करता आलं नाही असा एरर येतो. कागापा उच्चारावर चालतो. इनस्क्रिप्ट या दुसऱ्या देवनागरी मांडणीची सवय असेल तर त्याचा व्हेरियंट वेगळा आहे.

इंग्रजी आधी का, तर आयथ्री कॉन्फिग फाइलमधल्या, शॉर्टकट ठरवणाऱ्या बाइंडसिमच्या ओळीतलं अक्षर पहिल्या लेआउटमध्ये शोधतं आणि सापडलेली कळ दोन्ही लेआउटमध्ये चालू ठेवतं. म्हणजे मराठी चालू असतानाही सुपर-डी चालतं. पण बरेच जण स्क्रिप्ट लिहून एकदा फक्त 'यूएस' आणि एकदा फक्त 'आयएन' लावतात. तसं केलं की पहिला लेआउटच देवनागरी होतो, त्यात 'डी' कुठेच सापडत नाही आणि शॉर्टकट मुके होतात. सुपर-एंटर मात्र चालत राहतं, कारण एंटर प्रत्येक लेआउटमध्ये आहे. त्यामुळे दोष भलतीकडेच शोधला जातो. स्क्रिप्ट सोडायचीच नसेल तर बाइंडसिमऐवजी बाइंडकोड वापरायचा. तो कळेच्या क्रमांकावर चालतो: डीचा ४०, क्यूचा २४, एंटरचा ३६. बाकीचे क्रमांक एक्सईव्ही ही कमांड चालवून, कळ दाबून पाहता येतात.

लेआउट बदलायला ऑल्ट-शिफ्टपेक्षा कॅप्स लॉक बरा. पर्याय आहे 'जीआरपी:कॅप्स_टॉगल', आणि जोडीला 'जीआरपी_एलईडी:कॅप्स'. दुसऱ्या पर्यायाने मराठी चालू असताना कीबोर्डवरचा कॅप्सचा दिवा लागतो. हा दिवा चैन नाही, गरज आहे. एक्समध्ये, म्हणजे आयथ्री ज्या चित्रप्रणालीवर चालतं तिच्यात, लेआउट खिडकीगणिक लक्षात राहत नाही, सगळ्यांना एकच. मराठी लिहिता लिहिता टर्मिनलवर उडी मारली आणि 'एलएस' टाइप केलं, तर इनस्क्रिप्टमध्ये तिथे 'ते' उमटतं आणि टर्मिनल सांगतं, अशी कमांडच नाही.

सेटएक्सकेबीमॅपचे पर्याय आधीच्या पर्यायांत भर घालतात, जुने आपोआप पुसत नाहीत. प्रयोग करताना आधी पर्यायाच्या जागी रिकामी अवतरणचिन्हं देऊन पाटी कोरी करावी. आणि यूएसबी कीबोर्ड काढून परत लावला की हे सगळं जातं. डेस्कटॉपवर दोन यंत्रांत एक कीबोर्ड फिरवणाऱ्यांना हे सारखं भोवतं. कायमचा उपाय म्हणजे लोकलसीटीएल या कमांडच्या 'सेट-एक्स११-कीमॅप'ने तेच लेआउट आणि तेच पर्याय यंत्रणेच्या पातळीवर लावणं.

आयबस या इनपुटच्या प्रोग्रॅमने लिहिणाऱ्यांचं भांडण निराळं. आयबसची इनपुट बदलायची मूळ कळ सुपर-स्पेस, आणि आयथ्रीतही सुपर-स्पेसला काम आहे: तरंगत्या आणि चिकटलेल्या खिडक्यांमध्ये लक्ष फिरवणं. दोघांपैकी जो आधी धरेल त्याची कळ. आयबसच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची कळ बदलावी, प्रश्न मिटतो.

गुरुवार

खिडक्यांच्या रचनेकडे. डीडब्ल्यूएम या दुसऱ्या टायलिंग मॅनेजरमध्ये मुख्य खिडकी डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे एकाखाली एक, असं आपोआप होतं. आयथ्रीत पुढची खिडकी कुठे उघडायची ते आधी सांगायचं: सुपर-एच म्हणजे शेजारी, सुपर-व्ही म्हणजे खाली. दाबल्यावर काही घडलंच नाही असं वाटतं. नीट पाहिलं तर खिडकीची उजवी किंवा खालची कड बाकीच्या कडांहून वेगळ्या, उजळ निळ्या रंगाची झालेली असते. पुढची खिडकी त्या बाजूला येणार. (एच असा अडकल्यामुळे डावीकडे जायला जे आहे. व्हिम संपादकात एच म्हणजेच डावीकडे, त्यामुळे व्हिमवाले इथे हमखास कुरकुरतात.)

घोळ होतो तो डब्यात डबा, म्हणजे खिडक्यांच्या गटात गट, झाल्यावर. तीन-चारदा व्ही आणि एच दाबले गेले की नवी खिडकी चिंचोळ्या पट्टीत उघडते. तेव्हा सुपर-ए दाबून बाहेरच्या डब्यावर जायचं आणि सुपर-ई ने दिशा फिरवायची, किंवा सुपर-डब्ल्यूने टॅब करून टाकायचे. मात्र सुपर-ए नंतर सुपर-शिफ्ट-क्यू दाबू नये. निवडलेला डबा असतो, खिडकी नव्हे, त्यामुळे आतलं सगळं एकदम बंद होतं.

शुक्रवार

वर्कस्पेसना, म्हणजे खिडक्या वाटून ठेवायच्या आभासी पडद्यांना, मराठी नावं देता येतात, पण नावाच्या सुरुवातीचा अंक इंग्रजीच हवा. देवनागरी '१' आयथ्रीला अंक वाटत नाही, आणि ते वर्कस्पेस क्रमात न बसता शेवटी जातं. इंग्रजी अंक पट्टीत दिसायला नको असेल तर 'स्ट्रिप_वर्कस्पेस_नंबर्स' चालू करावं. अलाक्रिटी टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटलेली दिसतात, तिथे सेटिंग बदलून वेळ घालवू नये, टर्मिनल बदलावं.

पेनड्राइव्ह लावल्यावर परवानगी नाही असं येत असेल, तर बहुधा परवानग्या सांभाळणाऱ्या पोलकिटचा एजंट सुरू नाही. मोठी डेस्कटॉप वातावरणं तो गुपचूप सुरू करतात, आयथ्रीत तो सुरू करणारी एक्झेकची ओळ आपण घालायची.

शनिवार

एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर आयथ्रीसारखाच मॅनेजर म्हणजे स्वे. आयथ्री २००९चं, स्वेची १.० आवृत्ती २०१९ची. कॉन्फिगचा मोठा भाग जसाच्या तसा चालतो, पण सेटएक्सकेबीमॅप नाही. लेआउट, व्हेरियंट आणि पर्याय स्वेच्याच फाइलमध्ये 'इनपुट'च्या कंसात लिहायचे. बाइंडसिमला '--टू-कोड' जोडायचं, म्हणजे अक्षरांचं पहिल्या लेआउटप्रमाणे कळक्रमांकांत रूपांतर होतं आणि मराठी चालू असतानाही शॉर्टकट हलत नाहीत. एखादा प्रोग्रॅम ठरलेल्या वर्कस्पेसवर पाठवायच्या ओळी मात्र तपासाव्या लागतात. आयथ्रीत त्या एक्सप्रॉप कमांडने दाखवलेल्या डब्ल्यूएम_क्लास या खिडकीच्या ओळखीतल्या दुसऱ्या नावावर चालतात, लहान-मोठ्या लिपीसकट. वेलँडच्या खिडकीला क्लास नसतो, ॲप_आयडी असतो. वेलँडवर एक्सचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या एक्सवेलँडमधून उघडणाऱ्या प्रोग्रॅमला पुन्हा क्लासच लागतो, तेव्हा दोन्ही ओळी ठेवाव्यात.