अकरा सेकंद

गजूनं सकाळी नांदेडहून एवढंच विचारलं, "दादा, ६.१० वर टेस्ट अकराच सेकंदांत कामून उरकायली? ६.९ ला तर चाळीस लागतात." ६.९ आणि त्यानंतरचं ६.१० ही लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे गाभ्याची, व्हर्जनं. टेस्टची स्क्रिप्ट माझी. मी म्हणालो, "नवं कर्नल फास्ट आहे." म्हणालो खरा, पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

फास्ट कसलं, टेस्ट चाललीच नव्हती. स्क्रिप्ट क्यूईएमयूमध्ये, म्हणजे नकली कॉम्प्युटरमध्ये, कर्नल सुरू करते, सुरू होताना ते सिरियल कन्सोलवर छापतं ती 'लिनक्स व्हर्जन' ओळ धरते आणि ६.९ च्या आधीचं असेल तर स्किप करते. तुलना बॅशच्या (स्क्रिप्टच्या भाषेच्या) दुहेरी चौकटी कंसात होती. तिथं आकडे नसतात, अक्षरं असतात. ६ ला ६, टिंबाला टिंब, मग १ विरुद्ध ९. झालं, ६.१० जुनं ठरलं.

सातबाऱ्याच्या फायली १, १०, ११, २ अशा लागल्या की मीच हसतो ना. पण रिपोर्ट हिरवा कसा? टेस्टचे निकाल ज्यात छापतात त्या टॅप फॉरमॅटमध्ये स्किपची ओळसुद्धा 'ओके'नंच सुरू होते, 'स्किप' नंतर येतं. मी नुसते 'ओके' मोजत होतो. ६.१० जुलै २०२४ चं. तेव्हापासून हिरवंगार! आणि वर म्हणे, फास्ट आहे.

या स्क्रिप्टकडे माझ्याशिवाय कुणी ढुंकून बघत नाही. असो.

दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरवरच बसलो. तुलनेसाठी दुसरी हत्यारं धुंडाळली. ऑक या कमांडनं ६.१० ला दशांश समजून सरळ ६.१ केलं. व्हर्जनं क्रमानं लावणारं सॉर्ट -व्ही बरं, पण ते ६.१०-आरसी१ ला, म्हणजे ६.१० च्या आधीच्या चाचणी आवृत्तीला, ६.१० च्या नंतर बसवतं. शेवटी 'व्हर्जन'नंतरचा पहिलाच शब्द घेतला, कारण त्याच ओळीत पुढं जीसीसी या कंपायलरचाही नंबर असतो. डॅश किंवा + पासून पुढचं कापलं, टिंबावर तोडलं, तिसरा भाग नसला तर ०. पहिला गुणिले दहा लाख, दुसरा गुणिले हजार, तिसरा तसाच, आणि सगळ्यांची बेरीज. हजाराऐवजी शंभर पुरत नाहीत, दुरुस्त्यांच्या स्टेबल आवृत्त्यांचा तिसरा आकडा तीनशेपार गेलाय.

खुद्द कर्नलच्या कोडात व्हर्जनचा एकच आकडा बनवणाऱ्या मॅक्रोत त्या तिसऱ्या आकड्याला आठच बिट होते, म्हणजे २५५ पर्यंतच जागा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.४.२५६ आणि ४.९.२५६ आले आणि ते मावेना. घरोघरी मातीच्या चुली. हे आठवलं तेव्हा कुठं चहा गोड लागला.

रात्री ६.१० वर टेस्ट खरोखर चालली. एक्केचाळीस सेकंद, दोन नापास. गजूला अजून फोन केलेला नाही.