सहा चिंचोक्यांची ओव्हर: आमची वाटचाल

बेळगावच्या टिळकवाडीत आमचं खेळाच्या सामानाचं छोटं दुकान. बॅटला ग्रिप चढवायची, रॅकेटची जाळी विणायची, उन्हाळ्यात लेले मैदानावर पोरांना कोचिंग. यावर घर चालायचं. कोरोनात दोन उन्हाळे कोरडे गेले. 2021च्या दिवाळीआधी पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले आणि खानापूरकडचे एक गुरुजी दुकानात येऊन म्हणाले, "पोरं पाच मिनिटं जाग्यावर टिकंनात ओ. तुमच्या क्रिकेटचा काय उपयोग होतोय काय बघा की."

पहिला महिना आम्ही वाया घालवला. सहा वर्षांच्या पोरांना बॅट धरायला शिकवत बसलो. एक खेळतोय, बाकीची मातीत रेघोट्या ओढतायत नाहीतर भांडतायत. नंबर येईपर्यंत थांबायचं कसं, हे शिकवायचं राहूनच गेलं होतं.

तोडगा अंपायरकडे सापडला. पूर्वीचे अंपायर खिशात खडे ठेवून बॉल मोजायचे. आम्ही चिंचोके घेतले. दर बॉलला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्यात. डावा रिकामा झाला की "ओव्हर!" म्हणून ओरडायचं; तोवर तोंड बंद. अंपायर झाल्याशिवाय बॅट नाही. एक ओव्हर मराठीत मोजायची, पुढची कन्नडमध्ये: ओंदु, एरडु, मूरु. दुसरीच्या पोरांना आठ बॉलची ओव्हर देतो. ऑस्ट्रेलियात 1979 पर्यंत तशीच होती, हे ऐकून हेडमास्तरही खूश, आणि आठाचा पाढा खेळता खेळता होतो. पिच 22 यार्डांचं नाही, आठ पावलांचं. एलबीडब्ल्यू तर नियमातूनच बाद; तो वाद मोठ्यांनाही मिटवता येत नाही. पावसाळ्यात खानापुरात मैदान म्हणजे नुसता चिखल, तेव्हा व्हरांडा आणि कागदाचा बोळा.

घोळ झाला तो फ्रॉकमुळे. मुलींच्या युनिफॉर्मला खिसेच नाहीत! चिंचोके मुठीत घामेजायचे, टाळी वाजवली की सांडायचे. मग आमच्या हिने वडगावातून कापडाचे तुकडे आणून कमरेला बांधायचे बटवे शिवले, डावा लाल, उजवा हिरवा. डावं-उजवं चुकणाऱ्या पोरांचीही सोय झाली. बाकीच्या शाळा आम्हाला नव्हे, बटव्यांना बोलवायला लागल्या. आज गल्ल्यात बॅटपेक्षा बटव्याचे पैसे जास्त येतात, हे कोच म्हणून कबूल करायला जरा जड जातं.

एका शाळेने दोन टर्मचे पैसे बुडवले. असो. पालकांचं मात्र अजून चालूच असतं, "शाळेत घातलंय ते खेळायला व्हय?"

परवा एका शाळेत ओव्हर चालू असताना मी अंपायर झालेल्या चिमुरडीला सहज विचारलं, "नाव काय ग तुझं?" तिने वरही बघितलं नाही. तिसरा चिंचोका चिमटीत होता.

"गप थांबा की सर, मोजूलालोय."