कठड्याला पाय कशाला?

दक्षिण लंडनमध्ये पेकहॅमजवळ आम्ही राहायला आलो, तेव्हा घरापासून बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर विटांच्या जुन्या चारमजली इमारतींची एक वसाहत लागत असे. तिच्या भोवतीचे लोखंडी कुंपण मला पहिल्याच आठवड्यात खटकले. काळ्या रंगाने रंगवलेल्या जाळीचे एकसारखे लांबट तुकडे आडवे जोडून ते केलेले होते आणि प्रत्येक तुकड्याच्या वरच्या व खालच्या दांडीला, दोन्ही टोकांपासून थोडे आत, बाहेरच्या बाजूला एकेक बाक काढलेला होता. नक्षी म्हणावी तर तिच्यात देखणेपण नव्हते. सायकल अडकवण्याची सोय म्हणावी तर सायकल तिथे धड टेकतही नव्हती. लोखंड वाकवायला भट्टी लागते, मजुरी लागते. कारणाशिवाय कोणी हजारो ठिकाणी ते वाकवत बसत नाही, एवढे मात्र मला कळत होते.

उलगडा झाला तो बसची वाट पाहताना. त्या दिवशी मी सहज एका तुकड्याची लांबी पावलांनी मोजली, तर ती एका माणसाला निजता येईल एवढी भरली. मग तो तुकडा मनातल्या मनात कुंपणातून काढून जमिनीवर आडवा ठेवला, आणि ते चार बाक म्हणजे चार पाय झाले. जमिनीवर ठेवलेली वस्तू उचलताना दांडीखाली बोटे जावीत म्हणून ते पाय होते. तळमजल्यावरच्या आजींना विचारले तेव्हा त्यांनी, यात न कळण्यासारखे काय आहे, अशा नजरेने पाहून सांगितले की ती युद्धातली स्ट्रेचर आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ब्रिटनमध्ये सर्वात मोठी धास्ती होती ती विमानांतून विषारी वायू सोडला जाण्याची. लाकूड आणि कापड यांत असे विष मुरते, म्हणून हवाई हल्ल्यांतील जखमींसाठी पोलादी नळ्यांची आणि तारेच्या जाळीची स्ट्रेचर मोठ्या संख्येने बनवून घेण्यात आली, म्हणजे ती पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येतील. वायू आला नाही, पण 7 सप्टेंबर 1940 पासून लंडनवर महिनोन्‌महिने बॉम्ब पडत राहिले आणि ही स्ट्रेचर कामाला आली. त्याच काळात, 1941 पासून, युद्धसामग्रीसाठी लोखंड हवे म्हणून शहरातल्या बागांचे आणि घरांचे कठडे कापून नेण्यात आले होते. युद्ध संपले तेव्हा एका हाताशी स्ट्रेचरांचे ढीग होते आणि दुसऱ्या हाताशी कुंपण नसलेल्या वसाहती. लंडन काउंटी कौन्सिलने दोन्ही प्रश्न एकमेकांना भिडवले. पेकहॅम, ब्रिक्स्टन, डेप्टफर्ड या भागांत अशी कुंपणे अजून उभी आहेत. काही गंजून चालली आहेत, काहींवर रंगाचे इतके थर चढले आहेत की जाळीची भोके बुजत आली आहेत.

त्यानंतर मला हा नादच लागला. आधी वस्तूचे नाव शोधायचे नाही, तिच्यापाशी कोणाचा हात, पाय किंवा खांदा येत असावा ते पाहायचे, ती कुठे झिजली आहे ते पाहायचे आणि मगच अंदाज बांधायचा, अशी पद्धत मी स्वतःपुरती ठरवली. ती दर वेळी यशस्वी झाली, असे मुळीच नाही.

ब्लूम्सबरी किंवा इझलिंग्टनमधल्या जुन्या घरांच्या रांगांसमोर पदपथात फूटभर व्यासाची बिडाची गोल झाकणे बसवलेली दिसतात. कुठे चांदणीची नक्षी, कुठे चाकाच्या आऱ्यांची, आणि बहुतेकांवर ओतकाम करणाऱ्या कारखान्याचे किंवा दुकानदाराचे नाव. माझा पहिला अंदाज पेवाचा होता. ज्या मुलखात धान्य जमिनीखाली साठवले जात असे आणि जिथे आजही अफवांचे पेव फुटते, तिथल्या माणसाला दुसरे काय सुचणार? पण त्यात अगदीच चूक नव्हती. झाकणाखाली खरोखरच कोठार असते, फक्त ते कोळशाचे. या घरांचे तळघर रस्त्याच्या पातळीखाली असते आणि त्याला जोडून पदपथाच्या पोटात एक कमानदार खोली काढलेली असते. कोळसेवाला गाडीवरून पोते आणून वरूनच रिकामे करीत असे, त्यामुळे कोळशाची भुकटी गालिच्यांवरून, दिवाणखान्यातून नेण्याची वेळ येत नसे.

हे कळल्यावर त्या झाकणाचे एकेक अंग आपोआप बोलू लागते. भोक लहान, कारण त्यातून चोर आत शिरता कामा नये. झाकण गोल, कारण गोल झाकण कसेही फिरवले तरी स्वतःच्याच भोकातून खाली पडत नाही. ते आतून साखळीने अडकवलेले असे, म्हणजे बाहेरच्याला उचलता येऊ नये. आणि नक्षी उठावाची, कारण पावसाळी दिवसात गुळगुळीत बिडावरून बुटाचा पाय घसरतो. 1863 साली शेफर्ड टेलर नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने रस्तोरस्ती फिरून अशा दीडशे झाकणांची चित्रे काढली होती. भर रस्त्यात खाली बसून झाकण कागदावर उतरवून घेणाऱ्या त्या तरुणाकडे लोकांनी कसे पाहिले असेल, याची कल्पना मला आता स्वानुभवाने करता येते. पुढे डिसेंबर 1952 मध्ये धुरक्याने हजारो माणसे दगावली, 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या हळूहळू विझल्या. झाकणे तेवढी राहिली.

एका वस्तूच्या बाबतीत मात्र मला पुण्याने मदत केली. आमच्या भागात रस्त्याच्या कडेला मधूनच एखादा हिरवा, पोकळ, ओतीव लोखंडाचा उंच खांब दिसतो. दिव्याच्या खांबासारखा, पण दिवा नाही, तार नाही, फलक नाही, आणि उंची शेजारच्या दिव्यांपेक्षा बरीच जास्त. इथे कोणाचा हात किंवा खांदा येत नव्हता, त्यामुळे माझी पद्धत लंगडी पडली. पण पुण्यातल्या माणसाला पोकळ, उंच आणि वरवर निरुपयोगी दिसणारे बांधकाम पाहिले की कात्रजचे उच्छ्वास आठवतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे जमिनीखालून पाणी आणले, तेव्हा त्या मार्गावर ठिकठिकाणी मनोरे बांधले गेले. जमिनीखालच्या नळात कोंडणारी हवा त्यांतून बाहेर पडत असे, म्हणूनच त्यांना हे नाव. तर हाही उच्छ्वासच असावा, असा मी अंदाज केला आणि तो खरा ठरला. फरक एवढाच की पुण्यात खालून पिण्याचे पाणी वाहत होते आणि इथे मैला.

1858 च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला असा काही दर्प सुटला की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. स्वतःच्या नाकापर्यंत प्रकरण आल्यावर खासदारांनी निधी तातडीने मंजूर केला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहराखाली मैलावाहिन्यांचे जाळे बांधले. बंद वाहिनीत वायू साठतात, ते दुर्गंधी असतात आणि पेटूही शकतात. त्यांना घरांच्या छपरांपेक्षा वर नेऊन सोडणारे हे खांब त्या व्यवस्थेचे धुराडे होत. इंग्रज त्यांना सरळ दुर्गंधीची नळी म्हणतात. उच्छ्वास हा आपला शब्द त्या मानाने फारच सभ्य आहे.

सोप्या कोड्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. दारापाशी पायरीलगतची खालची लोखंडी पट्टी बुटाचा चिखल आणि घोड्यांची लीद खरवडण्यासाठी असते. बर्कली स्क्वेअरमधल्या श्रीमंती घरांच्या दारांशी उलट्या शंकूच्या आकाराचे जे लोखंडी टोपण दिसते, ते मशाल विझवण्याचे असते. गॅसचे दिवे येण्यापूर्वी मालकाच्या पुढे चालणारा दिवट्या घर आले की आपली पेटती मशाल त्यात खुपसत असे.

विम्याच्या बिल्ल्यांबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे. काही जुन्या घरांवर पहिल्या मजल्याच्या उंचीवर शिशाचा एक छोटा बिल्ला असतो. सन या कंपनीच्या बिल्ल्यावर सूर्याचा चेहरा आणि खाली विम्याचा क्रमांक. 1666 च्या आगीनंतर अग्निविमा सुरू झाला, कंपन्यांनी स्वतःचे बंबवाले ठेवले आणि विमा उतरवलेले घर ओळखू यावे म्हणून हे बिल्ले लावले, इथपर्यंत ठीक आहे. पण बिल्ला नसलेले घर जळत असताना बंबवाले हाताची घडी घालून पाहत उभे राहत, ही जी गोष्ट वाटाडे मोठ्या रंगवून सांगतात, तिच्यावर माझा विश्वास नाही. भिंतीला भिंत लागलेल्या रांगेत एक घर जळू दिले तर शेजारचे, विमा उतरवलेले घर वाचायचे कसे? अभ्यासकांनाही या गोष्टीला भक्कम पुरावा सापडलेला नाही. अनोळखी वस्तूंचा हाच धोका आहे की खरा उपयोग कळण्याआधी तिला एखादी चटकदार गोष्ट चिकटते आणि मग ती खरवडून निघत नाही.

आणि सगळेच काही जुने नसते. पिवळ्या फलकावरचे काळे इंग्रजी एच अक्षर आणि त्यात दोन आकडे, हे मी वर्षभर बसथांब्याची खूण समजत होते. तो अग्निशामक दलाचा फलक असतो. वरचा आकडा खालच्या जलवाहिनीचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो आणि खालचा आकडा नळाचे तोंड फलकापासून किती मीटरवर आहे ते सांगतो.

या साऱ्यांत माझी आवडती वस्तू पिकॅडिलीवर, ग्रीन पार्कच्या बाजूला आहे. दोन लोखंडी खांबांवर आडवी ठेवलेली एक जाड फळी, एवढेच तिचे रूप. बसायला गेले तर फार उंच, टेकून उभे राहायला गेले तर पाठीत रुतणारी. पर्यटक तिच्यावर कॉफीचे पेले ठेवतात. तिच्यावर पाटी आहे, त्यामुळे कोडे म्हणून ती टिकत नाही: आर. ए. स्लेनी या खासदारांच्या सूचनेवरून 1861 साली ओझेवाल्या हमालांसाठी ही फळी बसवण्यात आली. मूळ फळी काही वर्षांपूर्वी नाहीशी झाली आणि तिच्या जागी तशीच दुसरी उभारली गेली. पण पाटी वाचून उंचीचे कारण कळत नाही. ते कळायला आपल्याकडची मोळीवाली बाई आठवावी लागते, जी वाटेत भारा खाली टाकत नाही, कारण एकदा टाकला की तो पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरे माणूस लागते आणि “जरा हात लावता का?” असे विचारण्यासाठी रस्त्यावर कोणी असेलच याची खात्री नसते. पाठीवरचे ओझे न वाकता मागे सरकवून टेकवायचे आणि दम खाऊन, कोणाची मदत न घेता, पुन्हा पाठीवर घ्यायचे, यासाठीच ती फळी नेमकी तेवढ्या उंचीवर आहे.

मागच्या शनिवारी वाण्याकडून दहा किलो तांदूळ पाठपिशवीत घेऊन येताना मी मुद्दाम त्या वाटेने गेले आणि फळीकडे पाठ करून पिशवी टेकवली. माझ्या उंचीला ती दोन बोटे वर पडली, त्यामुळे टाचा उचलाव्या लागल्या. पण खांद्यावरचे वजन तत्क्षणी उतरले.