तुम्ही विचारलंत म्हणून: यार्डला कुठलं इंजिन घेऊ?

एक नाव सांग, बस. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत, व्हॉट्सॲपवर रात्री अकराला, कुठेही. "अगं तुझं ते मॉडेल रेल्वेचं आहे ना, आम्हीपण बेसमेंटमध्ये एचओचं यार्ड टाकतोय, शंटिंगला कुठलं इंजिन घेऊ?" (एचओ म्हणजे खऱ्याच्या सुमारे सत्त्याऐंशीपट लहान मॉडेल, शंटिंग म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे लावणं.) आणि मी तुझं लीड (शंटिंगला मोकळा ठेवलेला रूळ) किती लांब, टर्नआऊटचे (रूळ फुटतो त्या जागेचे) फ्रॉग (दोन रूळ छेदतात तो तुकडा) लाईव्ह आहेत का, त्यात करंट येतो का, असं विचारायला लागले की समोरच्याचा चेहरा पडतो, यांना साधं उत्तर देता येत नाही म्हणून. (आणि हो, छंद माझा आहे, आमच्या ह्यांचा नाही. हे पण दरवेळी सांगावं लागतं.)

तर आता एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

सगळ्यात जास्त विचारणा एसडब्ल्यू-१५०० या डिझेल शंटरची, कारण नावातच पंधराशे हॉर्सपॉवर. अहो ती खऱ्या इंजिनाची, ईएमडी या अमेरिकन कंपनीने १९६६ ते १९७४ मध्ये बनवलेल्या. टेबलावर त्याच्या पोटात मोटर एवढीशीच असते, शेजारच्या हजारवाल्या एनडब्ल्यू-२ च्या असते तशीच. टेबलावर फरक पडतो लांबीचा. एसडब्ल्यू-१५०० एचओमध्ये सहा इंचांच्या वर जातं आणि जीईचं (जनरल इलेक्ट्रिकचं) ४४-टनर साडेचारच्या आसपास थांबतं. ज्याने इंग्लनूक, ते छोटं शंटिंगचं कोडं, बांधलंय, म्हणजे लीडवर इंजिन आणि मोजून तीन वाघिणी, त्याला तो दीड इंच म्हणजे सगळं काही. मला तर ४४-टनरची जन्मकथाच आवडते. १९३७ मध्ये अमेरिकेत करार झाला की नव्वद हजार पौंड किंवा त्याहून जड इंजिनावर फायरमन ठेवायचाच, मग ४४ टन म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार पौंड, एक पगार वाचला. पण खरं इंजिन हलकं तसं मॉडेलही हलकं, लांब रेक मागे लावलात की चाकं जागच्या जागी फिरत बसतात. म्हणून मोठ्या यार्डाला ते मी सुचवत नाही, सुचवलं तर चार दिवसांनी तुमचाच फोन येणार.

आता मी एवढी का चिडते ते. इथल्या एका क्लबात ऑपरेटिंग सेशनला (खऱ्या रेल्वेसारख्या गाड्या चालवायच्या खेळाला) मला यार्डमास्तर केलं होतं, पहिल्यांदाच, आणि इंजिन दिलं क्लबचं लाडकं ०-६-० (पुढे शून्य, मधे सहा, मागे शून्य चाकं), ब्रासचं, वाफेचं, साऊंड बसवलेलं, घंटा अशी वाजायची की लोक मेनलाईन सोडून बघायला यायचे. जुन्या ब्रासच्या पद्धतीने त्याला एका रुळाचा करंट इंजिनाच्या चाकांतून आणि दुसऱ्याचा टेंडरच्या (मागच्या कोळशा-पाण्याच्या डब्याच्या) चाकांतून मिळायचा. म्हणजे चाकं भरपूर, पण करंटच्या हिशोबात अर्धी नुसती शोभेची. यार्डाच्या लॅडरला, म्हणजे टर्नआऊटच्या रांगेला, ओळीने डेड फ्रॉग, करंट नसलेले. तिसऱ्या टर्नआऊटवर बंद. बोटाने ढकललं, चालू झालं, पुढच्यावर बंद. आमच्यात याला ०-५-० म्हणतात, पाच बोटांचं इंजिन, आणि त्या दिवशी सगळं शंटिंग त्यानेच चाललं होतं. दरवेळी करंट गेला की डिकोडर (इंजिनातली हुकूम घेणारी चिप) नव्याने उठणार, आधी गप्प, मग परत तीच वाफ, तीच घंटा, आणि मोमेंटम (वेग हळूहळू वाढवायची सेटिंग) कुणीतरी शून्यावर ठेवलेला, त्यामुळे उठलं की उडी. अशाच एका उडीत ते उभ्या बॉक्सकारवर आदळलं आणि तीन गाड्या मेनवर आडव्या. डिस्पॅचरने (सगळ्या गाड्यांच्या नियंत्रकाने) दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या. सगळे माझ्याकडे बघतायत. एक ज्येष्ठ सभासद आले, अगदी गोड हसून म्हणाले की जरा सवय असलेल्या कुणाला तरी घेऊ दे, आणि थ्रॉटल (इंजिन चालवायचा कंट्रोलर) माझ्या हातातून घेऊन दुसऱ्याला दिला.

तो दुसरा दहा मिनिटांत त्याच तिसऱ्या टर्नआऊटवर अडकला. तेव्हा काय म्हणाले माहितीये? रूळ घाण झालेत, पुसायला हवेत.

मी होते तेव्हा रूळ स्वच्छ होते बहुतेक.

लोक म्हणतात विसर आता. विसरले असते, पण खरं सांगू, त्या इंजिनाचा आवाज मला अजून आवडतो. कुणी फुकट दिलं तर उद्या घेईन, यार्डात चालवणार नाही पण घेईन. इथे माझं सगळं लॉजिक संपतं.

त्यानंतर मी ज्याला त्याला सांगत सुटले की फ्रॉगला करंट द्या, टेबलाखाली झोपून वायरिंग करा, कीप-अलाईव्ह कपॅसिटर (करंट तुटला तरी इंजिन क्षणभर चालू ठेवणारा) म्हणजे लबाडी, घाण रुळावर पांघरूण. तेव्हाची मी आत्ता समोर आली तर तिला विचारीन, बाई, तुझी पाठ दुखत नव्हती का? आता माझ्या एस-२ शंटरमध्ये कपॅसिटर आहे आणि ते डेड फ्रॉगवरून काही न झाल्यासारखं रांगत जातं. पण तीही लगेच उलटून म्हणेल की मग परवा घाबरून ट्रॅकची पॉवर बंद केलीस तरी ते थांबलं का? नाही थांबलं. कपॅसिटरच्या जोरावर पुढे जाऊन बंपरला धडकलं. तर या भांडणात कोण जिंकलं ते मला विचारू नका.

दुकानात गेलात तर रंग बघू नका. स्पीड स्टेप एकवर, सगळ्यात कमी वेगाला, चालवून दाखवा म्हणावं, तेही सरळ रुळावर नाही, टर्नआऊटवर, आणि मग उलटं करून चाकं बघा. रबराचा टायर असेल तर ओढायला बरं, पण ते चाक करंट घेत नाही, आणि आठ चाकांच्या शंटरला एकेक चाक मोलाचं. शिवाय इंजिनाला शिव्या देण्याआधी वाघिणी तोलून बघा. एनएमआरएचा (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा) नियम एक औंस अधिक दर इंचाला अर्धा, म्हणजे सहा इंची वाघीण चार औंसांची. हलकी असेल तर कपलर (डबे जोडणारे हूक) जुळायच्या आधीच ती पुढे पळते आणि तुम्ही म्हणता इंजिन धक्का मारतंय.

हे सगळं ऐकून शेवटी परत, "ते ठीक आहे गं, पण तू कुठलं वापरतेस?"

अल्कोचं एस-२. त्याचे ते ब्लंट ट्रक (चाकांच्या बोग्या, ब्लंट हे त्यांचं नाव), खालून बघितले की जुन्या काळचे वाटतात, आणि माझ्या मॉडेल रेल्वेचा काळ १९४८ चा, त्यात ते बसतं. एनडब्ल्यू-२ पण त्याच काळात बसतं आणि ओढतं जास्त, हे मला मान्य आहे, आणि तरी मी ते वर्षभर कपाटात ठेवलंय. गेल्या आठवड्यात विकायला काढलं, फोटो काढले, किंमत लिहिली, आणि मग म्हटलं डिकोडर बदलून एकदा लॅडरवर बघू, म्हणून स्क्रू काढून बसले. आत्ता त्याचं शेल (वरचं कवच) स्वयंपाकघराच्या टेबलावर आहे, तेव्हा घ्यायचं असेल तर थांबा जरा.