भांड्याचे वजन

आमच्याकडे गॅसचा सिलिंडर आला की तो वजन करूनच घ्यायचा, ही पद्धत सासूबाईंनी घालून दिलेली आहे. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर त्याचे रिकामे वजन रंगवलेले असते, कधी 15.3 किलो, कधी 16.1. त्यात 14.2 मिळवायचे आणि गॅसवाल्याच्या लटकत्या काट्यावर तेवढे भरते का, ते पाहायचे. "भांडं वजा करून सांग," असे त्या त्याला न चुकता बजावतात आणि तोही कुरकुर न करता "बघा आजी" म्हणून काटा त्यांच्यासमोर धरतो. हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनांविषयी गेल्या काही वर्षांत मी जे वाचले, त्याचा गुंता सोडवताना मला सासूबाईंच्या या वाक्याची फार मदत झाली आहे.

हायड्रोजनचा मोह पडावा अशीच त्याची कीर्ती आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने त्याला दिलेल्या नावाचा अर्थच 'पाणी निर्माण करणारा' असा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या तोंडाशी पेटती काडी नेल्यावर होणारा 'फट्' असा आवाज आणि नंतर काचेवर साचलेले दव आम्ही सर्वांनीच पाहिलेले असते. गाडीत मात्र तो जाळावा लागत नाही. इंधनघटात (फ्युएल सेलमध्ये) हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज तयार होते, त्या विजेवर मोटर फिरते आणि मागच्या नळीतून केवळ पाण्याची वाफ बाहेर पडते. मार्च 2022 मध्ये नितीन गडकरी अशाच एका गाडीतून संसदेत आले होते. ती टोयोटाची 'मिराई' होती आणि या जपानी शब्दाचा अर्थ 'भविष्य' असा आहे. एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते, हेही खरेच आहे.

पण ते भांडे वजा करून. नेहमीच्या दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे अकरा हजार लिटर जागा व्यापतो, म्हणजे आमचे न्हाणीघर त्याने जमिनीपासून छतापर्यंत भरून जाईल. घरगुती गॅस समजूतदार आहे. थोड्याशा दाबाने तो द्रवरूप होतो आणि साध्या पोलादी सिलिंडरमध्ये निमूट बसतो. हायड्रोजनला द्रवरूप करायचे तर उणे 253 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते. ते गाडीत जमण्यासारखे नसल्यामुळे वातावरणाच्या सुमारे सातशे पट दाबाखाली तो कार्बन तंतूंनी गुंडाळलेल्या टाक्यांत कोंबतात. रिक्षांमधल्या सीएनजीचा दाब याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असतो. एवढे करूनही नव्या मिराईच्या तीन टाक्यांत मिळून मावतो 5.6 किलो हायड्रोजन, आणि भरलेल्या टाकीच्या वजनात गॅसचा वाटा शंभरात जेमतेम सहा. आमच्या सिलिंडरमध्ये भांडे आणि गॅस जवळजवळ निम्मे-निम्मे असूनही सासूबाईंचे समाधान होत नाही. हा काटा त्यांना दाखवण्याची माझी तरी हिंमत नाही.

वासाची गोष्टही मला विलक्षण वाटते. घरगुती गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त दर्प मुद्दाम मिसळलेला असतो. हायड्रोजनलाही वास नाही, परंतु त्यात तसा दर्प मिसळावा तर इंधनघटातल्या प्लॅटिनमला गंधक बाधते. त्यामुळे नाकाचे काम यंत्रांच्या संवेदकांवर सोपवावे लागते. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो आणि हायड्रोजन मात्र सुटला की झपाट्याने वर निघून जातो.

मात्र भांड्याचा खरा हिशेब याच्याही पलीकडचा आहे. हायड्रोजन कोळशासारखा खणून आणून सरळ गाडीत घालता येत नाही, तो बनवावा लागतो. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे 50 ते 55 युनिट वीज लागते. त्या एका किलोवर मोटार शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते. तेवढीच वीज थेट बॅटरीत भरली असती, तर ती तीनशे किलोमीटरच्या पुढे गेली असती. वीजबिल वाचता येणाऱ्या कोणालाही हा हिशेब कळेल. म्हणजे माल आहे तो विजेचा, आणि हायड्रोजन हेच तिचे भांडे. त्याला आपण इंधन म्हणतो, ही सवयीची भाषा झाली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1923 मध्ये केंब्रिजच्या एका व्याख्यानात पवनचक्क्यांच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवण्याचे चित्र रंगवले होते, तेही वारा नसलेल्या दिवसांसाठीची साठवण म्हणूनच. (हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले.)

तेव्हा आमच्या सोसायटीच्या वाहनतळावर हायड्रोजनची गाडी उभी राहील, असे मला वाटत नाही. अवजड मालट्रकची गोष्ट वेगळी असू शकते, कारण तिथे बॅटरीचे वजन मालाच्या वजनातून वजा होते आणि चार्जिंगला लागणारे तास कोणाला परवडत नाहीत. पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने तयार झालेल्या इंधनघटाच्या बसचे 2022 मध्ये अनावरण झाले. मार्च 2025 मध्ये टाटा मोटर्सच्या सोळा हायड्रोजन ट्रकांच्या चाचण्यांना सुरुवात झाली आणि त्यांच्या मार्गांत मुंबई-पुण्याचा परिसरही आहे. त्या चाचण्यांचा हिशेब पाहायला मला आवडेल, फक्त तो भांड्यासकट मांडलेला असावा.

केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये मंजूर केलेल्या हरित (म्हणजे सूर्य-वाऱ्यासारख्या स्वच्छ स्रोतांतून बनवलेल्या) हायड्रोजन अभियानाचे उद्दिष्ट 2030 पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन उत्पादनक्षमतेचे आहे. तो सारा गाड्यांत ओतायचा आहे, असा समज बातम्या वाचून सहज होतो. वास्तविक हायड्रोजनची आजची गिऱ्हाइके कधीचीच ठरलेली आहेत, ती म्हणजे तेलशुद्धीकरण आणि खते. अलिबागजवळ थळ येथे खतकारखान्यात अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. या पद्धतीत एका किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तिथे हायड्रोजन हे भांडे नसून खुद्द माल आहे आणि बॅटरीने त्याची जागा भरून निघणार नाही. म्हणून स्वच्छ हायड्रोजनचा पहिला टँकर पेट्रोलपंपाऐवजी तिकडे वळावा, असे मला वाटते. अडचण तिथेही आहेच. अमोनियापासून युरिया करताना कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि तो आज त्याच नैसर्गिक वायूतून आयता मिळतो. वायू बंद केला तर तो कुठून आणायचा, हे आधी ठरवावे लागेल.